तुंबलेलं रक्त: सूज दिसते एकीकडे, अडथळा असतो पुढे

रक्ततपासणीला गेलं की दंडाला पट्टा बांधतात, मूठ आवळायला सांगतात आणि काही क्षणांत कोपराच्या खळगीतली शीर टरारून वर येते. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. रक्तसंचय, म्हणजे वाहिन्यांत रक्त तुंबून साचणं, समजून घ्यायला याहून सोपा प्रयोग नाही. पट्टा इतकाच आवळलेला असतो की शिरांतून हृदयाकडे परत निघालेलं रक्त अडावं, पण धमनीतून हाताकडे येणारं रक्त येत राहावं. येणं चालू, जाणं बंद. पट्टा तसाच राहिला तर हात जड होतो, बोटं निळसर पडतात, म्हणून तो साधारण मिनिटभरात सोडतात. रक्त शरीरात गोल फिरतं हे १६२८ साली मांडताना विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने दंडाला बंध बांधलेल्या हाताची चित्रंच छापली होती.

मी पॅथॉलॉजी शिकवते. रक्तसंचयाचा धडा आला की मी मुलांना मोरीची गोष्ट सांगते. मोरीत पाणी तुंबलं तर आपण मोरीची फरशी घासत बसत नाही, पुढची नळी बघतो. शरीराचंही तसंच आहे. रक्त जिथे साचलंय ती जागा बहुतेक वेळा निर्दोष असते. ते रक्त पुढे कुठे जाणार होतं आणि वाटेत कुठे अडलं, हा खरा प्रश्न. हे मी शिकवत होते, तरीही माझ्या आईचे पाय सुजले तेव्हा घरात सगळे म्हणाले, उन्हाळा आहे, फार वेळ उभी राहते. मीही काही दिवस तेच मानलं. त्या दिवसांची चुटपुट अजून आहे, म्हणून हा लेख.

आधी शब्दांचा गुंता सोडवू

मार लागून कातडी काळीनिळी पडते तेव्हा आपण ‘रक्त साकळलं’ म्हणतो. तिथे रक्त वाहिनीतून बाहेर पडून मांसात उतरलेलं असतं. रक्तसंचयात रक्त वाहिनीच्या आतच असतं, फक्त पुढे सरकत नाही. रक्ताची गाठ ही तिसरी गोष्ट. ती रक्तसंचयाचं कारण असू शकते, आणि रक्त फार काळ एका जागी थांबलं तर त्याचा परिणामही.

पहिल्या दोन्हींतला फरक घरी कळतो. डागावर काचेचा पारदर्शक पेला दाबून धरा. रंग फिका झाला तर रक्त वाहिनीत आहे, दाबाने बाजूला सरलं. रंग हलला नाही तर ते बाहेर सांडलेलं आहे. मार लागल्याचं आठवत नसताना असे न हलणारे डाग अंगावर उठले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्यातून ताप असला तर ताबडतोब.

‘छातीत कन्जेशन झालंय’ असं खोकल्याच्या वेळी म्हणतात, तेव्हा बहुतेकदा कफाबद्दल बोलणं चाललेलं असतं. नाक चोंदतं तेव्हा मात्र खरंच रक्त साचतं. नाकाच्या आतल्या मऊ अस्तरातल्या वाहिन्या रक्ताने फुगतात आणि वाट अरुंद होते. म्हणून कितीही शिंकरलं तरी नाक मोकळं होत नाही, कारण आत शेंबूड नसून फुगलेलं अस्तर असतं. चोंदलेल्या नाकाचे थेंब याच वाहिन्या आकसवतात. ते पाच-सात दिवसांहून जास्त वापरले तर औषध उतरताच अस्तर पूर्वीपेक्षा जास्त फुगतं आणि थेंबांची सवय लागते.

पहिली पायरी: रक्त जास्त येतंय की परत जात नाहीये?

एखाद्या भागात रक्त वाढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, तिकडे जाणाऱ्या धमन्या रुंदावतात आणि रक्त मुद्दाम जास्त पाठवलं जातं. पळून आल्यावर लाल झालेला चेहरा, जेवणानंतरचं आतडं, गळवाभोवतीची लाली ही त्याची उदाहरणं. हे रक्त ताजं, प्राणवायूने भरलेलं असतं, म्हणून भाग लालबुंद आणि गरम लागतो. दुसरा मार्ग तुंबण्याचा. इथे रक्त परत जात नाही, त्यातला प्राणवायू पेशी शोषून घेतात आणि रंग निळसर-जांभळा होतो. हातापायाला असं झालं तर तो भाग जड वाटतो. या लेखात रक्तसंचय म्हणजे हाच दुसरा प्रकार.

आपल्या सावळ्या कातडीवर लाली आणि निळेपणा चटकन दिसत नाही. ओठांची आतली बाजू, जीभ आणि नखं उजेडात बघा. गरम-गार बघायला हाताचा पंजा नको, बोटांची मागची बाजू लावा, आणि नेहमी दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेशी तुलना करा.

दुसरी पायरी: एका बाजूला की दोन्ही?

रक्त तुंबलं की वाहिन्यांतला दाब वाढतो आणि त्यातलं पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं, तीच सूज. ती एकाच पायाला असेल तर अडथळा त्या पायाच्या वाटेवर शोधायचा: पोटरी, मांडी, ओटीपोट. एकच पाय एक-दोन दिवसांत सुजला, पोटरी ठणकते, ताणल्यासारखी वाटते, तर खोल शिरेत गाठ झाली असण्याची शक्यता आधी घ्यायची. नुकतीच शस्त्रक्रिया, बाळंतपण, प्लॅस्टर, लांबचा बसून केलेला प्रवास, कर्करोग, गर्भनिरोधक गोळ्या यांपैकी काही असेल तर ती आणखी वाढते. टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंटिमीटरहून जास्त फरक डॉक्टर गंभीरपणे घेतात. फरक त्याहून कमी आला म्हणून मात्र घरी थांबू नका.

आणि कृपा करून तो पाय चोळू नका. पाय दुखला की कोमट तेल लावून चोळायचं, हे आपल्या घरांत प्रेमापोटी केलं जातं. पण आत गाठ असेल तर ती सुटून रक्ताबरोबर हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकू शकते. पाय न चोळता डॉप्लर सोनोग्राफी करून घ्यायची. गाठ वेळेत सापडली तर बहुतेक वेळा गोळ्यांवर भागतं.

एका पायाच्या जुनाट सुजेचं आणखी एक कारण चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या भागांतल्या लोकांना परिचित आहे: हत्तीपाय. तिथे तुंबतं ते रक्त नसून लसीका नावाचा पातळ द्रव. त्याची औषधं आणि निगा वेगळी, म्हणून दोन्हींची गल्लत नको.

दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर अडथळा दोन्ही वाटा एकत्र आल्यानंतर, म्हणजे हृदयाच्या बाजूला असू शकतो. ‘असू शकतो’ म्हणते, कारण पाय सुजण्याची इतरही कारणं आहेत. मूत्रपिंडाच्या आजारात पुष्कळदा सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज दिसते. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत कडक होण्याच्या आजारात, बहुधा पोट आधी फुगतं. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन घेणाऱ्यांचे घोटेही सुजतात, कारण ती गोळी धमन्या रुंदावते. म्हणून गोळ्यांची पाकिटं तपासणीला नेणं कधीही चुकवू नका, आणि गोळी मनाने बंदही करू नका.

तिसरी पायरी: उभं राहणं आणि पोटरीचा पंप

आपल्या अंगातल्या साधारण पाच लिटर रक्तापैकी निम्म्याहून बरंच जास्त रक्त कोणत्याही क्षणी शिरांमध्ये असतं. माणूस निश्चल उभा असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो. तोच माणूस चालू लागला की पोटरीचे स्नायू शिरा पिळतात, शिरांतल्या झडपा रक्ताला खाली परतू देत नाहीत, आणि दाब ३० च्या आसपास उतरतो. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते यामुळे.

या झडपा ढिल्या पडल्या की शिरा वेड्यावाकड्या फुगतात. वाहतूक पोलीस, दुकानात उभे राहणारे, शिक्षक, पोळ्यांच्या ओट्याशी तासन्‌तास उभ्या असणाऱ्या बायका, अशा अनेकांच्या पायांवर हे दिसतं. रक्त वर्षानुवर्षं तुंबलं की काही तांबड्या पेशी वाहिनीबाहेर झिरपतात, फुटतात आणि त्यांच्यातलं लोह कातडीत साठतं. घोट्याच्या आतल्या बाजूला तपकिरी पट्टा उमटतो, तो या लोहाचा. तो पट्टा दिसला की पुढची पायरी बरी न होणारी जखम असते, म्हणून तिथेच थांबवायचं. ताठ उभं राहावं लागत असेल तर दर काही मिनिटांनी टाचा वर-खाली करा. रात्री पाय हृदयाच्या पातळीच्या थोडे वर ठेवून झोपा. दाबाचे मोजे पायाची नाडी तपासून घेतल्यावरच, कारण पायाच्या धमन्या अरुंद असतील तर त्याच मोज्यांनी इजा होते.

चौथी पायरी: आतले अवयव

इथे ‘पुढे कुठे अडलं’ हा प्रश्न खरा कामाला येतो. रक्ताची वाट तोंडपाठ करा. पाय, मूत्रपिंडं, यकृत यांचं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला जातं. तिथून फुप्फुसात. फुप्फुसातून हृदयाच्या डाव्या बाजूला, आणि मग पुन्हा सगळ्या शरीरात. प्लीहा आणि आतड्यांचं रक्त मात्र आधी यकृतातून गाळून पुढे जातं.

आता कुठेही अडथळा ठेवा आणि त्याच्या मागे काय तुंबेल ते सांगा. यकृत कडक झालं तर प्लीहा वाढते आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरा फुगतात, त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होते. हृदयाची डावी बाजू थकली तर फुप्फुसं तुंबतात. उजवी थकली तर यकृत आणि पाय.

माझ्या आईला लहानपणी घसा सुजून, मागून सांधे दुखून ताप आला होता. संधिवाताचा ताप म्हणतात तो. त्याने हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेला हळूहळू जाड केलं. या झडपेचं तोंड एरवी ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं, आईचं १ वर आलं होतं. जिना चढताना लागणारा दम ही पहिली खूण, तिला आम्ही वय म्हटलं. मग दोन उशा लागू लागल्या. आडवं पडलं की पायांकडचं रक्त छातीकडे येतं, आधीच तुंबलेल्या फुप्फुसात त्याला जागा नसते, म्हणून माणूस उशा रचतो किंवा रात्री दीड-दोनला घुसमटून उठतो आणि खिडकीशी जाऊन बसतो. फुप्फुसांतल्या दाबाचा भार पुढे उजव्या हृदयावर आला आणि सगळ्यात शेवटी पाय सुजले. आम्हाला दिसली ती ही शेवटची खूण. झडप बलूनने मोकळी केल्यावर आई पुन्हा सपाट झोपू लागली. पायांना कोणी हातही लावला नव्हता, पण तेही उतरले.

यकृताबद्दल थोडं थांबून सांगते, कारण तिथे फसगत फार होते. तुंबलेल्या यकृताला जगभरचे पॅथॉलॉजिस्ट ‘जायफळी यकृत’ म्हणतात. कोकणात-गोव्यात ज्यांच्या परसात जायफळाचं झाड आहे किंवा श्रीखंडासाठी ज्यांनी जायफळ किसलंय, त्यांना हे नाव समजावून सांगावं लागत नाही. किसलेल्या जायफळावर गडद आणि फिकी नक्षी दिसते, तशीच यकृताच्या छेदावर असते. यकृत हे मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या असंख्य कणिकांचं बनलेलं असतं. रक्त कणिकेच्या कडेने आत येतं आणि मधल्या शिरेतून बाहेर पडतं. बाहेरची वाट अडली की मधला भाग रक्ताने गच्च होऊन गडद लाल दिसतो. तिथल्या पेशींना एरवीही प्राणवायू सगळ्यात शेवटी मिळतो, त्या आधी मरतात. कडेच्या पेशी फिक्या राहतात.

असं यकृत फुगलं की त्याचं आवरण ताणलं जातं आणि उजव्या बरगडीखाली दुखतं. आतडीही तुंबलेली असतात, म्हणून दोन घासांत पोट भरतं, मळमळतं. रुग्ण ‘पित्त झालंय’ म्हणतो, महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खातो. पोटाच्या अशा तक्रारीबरोबर पाय सुजत असतील किंवा दम लागत असेल, तर हृदयाची तपासणी झाली का, हे स्वतःहून विचारा.

पाचवी पायरी: घरी काय बघायचं

ज्यांना हृदयाचा आजार आहे किंवा त्याची शंका आहे, त्यांच्या घरी वजनकाटा आणि एक वही पुरते. सकाळी उठून लघवी झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, रोज सारख्याच कपड्यांत वजन करायचं. एक लिटर पाणी अंगात साठलं की काटा एक किलो वर जातो, आणि पायावर बोट दाबून खळगा पडायच्या आधी दोन-तीन लिटर पाणी साठलेलं असू शकतं. म्हणजे पायांच्याही आधी काटा बोलतो. एका दिवसात १ ते दीड किलो किंवा आठवड्यात २ किलोहून जास्त वाढलं, तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. उलट, भूक मेल्यामुळे स्नायू झिजत असतात आणि त्याच वेळी पाणी भरत असतं, तेव्हा वजन स्थिर दिसून फसवतं. म्हणून काट्याबरोबर बाकीच्या खुणाही लिहायच्या.

नडगीच्या हाडावर अंगठा दाबून पाच-दहा सेकंद धरा, उचला, खळगा राहतो का बघा. दिवसभर अंथरुणावर असणाऱ्यांच्या पायांत सूज सापडेलच असं नाही, ती कमरेच्या खाली माकडहाडावरही बघा. रात्री किती उशा लागल्या ते लिहा. चपलेचा पट्टा लावायला वाकल्यावर अर्ध्या मिनिटात दम लागतो का, तेही लिहा. ही खूण डॉक्टरांना फार उपयोगी पडते आणि रुग्ण ती आपणहून जवळजवळ कधीच सांगत नाहीत. हात खाली सोडल्यावर हाताच्या पाठीवरच्या शिरा भरतात. हात हृदयाच्या वर उचलल्यावर त्या रिकाम्या व्हायला हव्यात. वर उचलूनही फुगलेल्याच राहिल्या तर तेही नोंदवा. मानेच्या शिरेवरून दाब ओळखणं मात्र सरावाचं काम आहे, ते डॉक्टरांवर सोडा.

तपासण्या कोणत्या लागतील ते याच वहीवरून ठरतं. छातीचा एक्स-रे आणि टू-डी एको बहुतेकांना, बीएनपी नावाची रक्ततपासणी दम हृदयाचा की फुप्फुसाचा हे ठरवायला, आणि पोटाची सोनोग्राफी यकृत व मोठ्या शिरेसाठी.

सहावी पायरी: उपचार आणि स्वयंपाकघर

फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड या लघवीच्या गोळ्या साठलेलं मीठ आणि पाणी बाहेर काढतात. त्यांनी आराम पडतो, पण अडथळा जात नाही. झडप, रक्तदाब, हृदयाच्या रक्तवाहिन्या, थायरॉइड, पंडुरोग, जे मूळ असेल त्यावर उपचार हवाच. गोळी सकाळी घेतली तर रात्रीची झोपमोड टळते. डॉक्टरांनी वजनानुसार मात्रा बदलायला शिकवलं असेल तर तशी बदला, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नको. जास्त झाली तर चक्कर येते, मूत्रपिंडांवर ताण येतो.

दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, यात आमटी-भाजीतलं, पोळीतलं, सगळं आलं. लोणचं, पापड, फरसाण, खारवलेला बांगडा, सुकट यांचा थोडासा वाटाही बरंच मीठ देऊन जातो. आंबट चव, ओलं खोबरं, लसूण, कोथिंबीर यांनी जेवण निभतं. आईच्या आमटीत आम्ही आमसूल वाढवलं, तिने तक्रार केली नाही. बाजारातलं कमी सोडियमचं मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्यांबरोबर किंवा मूत्रपिंड कमजोर असताना ते रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकतं. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतात. चांगला सावरलेला रुग्ण याच गोळ्यांनी पुन्हा दवाखान्यात भरती झालेला मी पाहिलाय.

शरीरातून रक्त काढून रक्तसंचय कमी करण्याचा उपाय जुना आहे, सुश्रुतसंहितेत जळवांचं वर्णन सविस्तर आहे. आज तो एका नेमक्या जागी टिकून आहे. तुटलेलं बोट जोडताना बारीक धमनी शिवता येते, पण शीर कधी कधी वाहत नाही. बोट निळं पडून फुगतं. तेव्हा नवी शीर तयार होईपर्यंत काही दिवस शल्यविशारद त्यावर वैद्यकीय जळू लावतात. तुंबलेलं रक्त ती ओढते, आणि तिच्या लाळेतल्या द्रव्याने रक्त गोठत नाही. पाय सुजले म्हणून घरी जळवा लावणं मात्र निरर्थक आणि घातक आहे, कारण त्याने मूळ अडथळा दूर होत नाही.

ताबडतोब निघायचं ते केव्हा

बसल्या जागी दम लागतोय, वाक्य पुरं करता येत नाही, खोकल्यातून गुलाबी फेस येतोय, ओठ निळे पडलेत, छातीत कळ आहे, किंवा एक पाय सुजलेला असताना अचानक श्वास अडला, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा, ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात आणि गोव्यात दोन्हीकडे येते. माणसाला आडवं झोपवू नका. दोन्ही पायांना सूज आणि असा दम असताना पाय उशीवर चढवणंही नको, त्याने पायातलं पाणी छातीकडे येतं. पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून ताठ बसवा, पाठीला टेकू द्या, गळ्याभोवतीचं सैल करा, खिडकी उघडा. पाणी, चहा, काढा काही पाजू नका. वही आणि गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत टाका, शेवटची लघवीची गोळी किती वाजता घेतली ते वहीच्या मागच्या पानावर लिहा, आणि रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांच्या हातात द्या.